कोरडा पदर : पावसाळ्यातील बाळंतीण आणि कापडी पॅडची निवड

आषाढ लागला की दोडामार्गात ऊन पाहुण्यासारखे होते. आले तर आले. एका बाजूला सह्याद्रीचे कडे, दुसऱ्या बाजूला गोव्याची हद्द आणि मधल्या हिरव्या पट्ट्यात तिलारीच्या खोऱ्यावर रात्रंदिवस कोसळणारा पाऊस. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. आगोटीच्या तयारीत येथील व्यापारी मिठाच्या गोणी फळीवर चढवतो, काडेपेट्यांची खोकी आतल्या खोलीत हलवतो, कापडाचे तागे भिंतीपासून हातभर दूर सरकवतो. घरात पापड, सांडगे आणि डाळींना बुरशी लागू नये म्हणून डबे पुन्हा पुन्हा उघडून पाहिले जातात. ओल कोठून शिरेल याची एवढी जाण असलेल्या घरातही एक ओल मात्र बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती असते बाळाला अंगावर पाजणाऱ्या सुनेच्या पदराखाली.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. बाळ सहा आठवड्यांचे झाले आहे. दुपारी पुरुषमंडळी जेवायला बसली की सून तासभर गल्ल्यावर बसते. समोर गिऱ्हाईक उभे असते, वजनकाट्यावर साखर असते आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येतो. त्या आवाजासरशी तिला पान्हा फुटतो आणि पोलक्यावर दोन ओली वर्तुळे उमटतात. ती पदर आवळून घेते, कोणाला तरी हाक मारते आणि आत जाते. जुन्या कापडाची घडी आत सरकवते. तासाभरात तीही भिजते. धुतलेली दुसरी घडी अजून पुरती वाळलेली नसते. तीच ती तशीच लावते. सांगायचे कोणाला? काही दिवसांत कातडी चुरचुरू लागते, मग भेगा पडतात, मग बाळाला जवळ घेताना डोळ्यांत पाणी येते. पाजण्याच्या वेळा लांबतात, बाळ किरकिर करते. घरातले कोणी तरी म्हणते, ‘‘दूध पुरत नाही वाटतं.’’ आणि स्वतःच्याच दुकानाच्या फळीवरून पावडरच्या दुधाचा डबा खाली उतरतो. जिचे दूध वाहत होते, तिच्यावरच दूध कमी असल्याचा शिक्का बसतो.

तळहाताएवढ्या कापडाचा प्रश्न इतक्या दूर जाऊ शकतो. म्हणूनच पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड कसे निवडावे, हा विषय एकट्या बाळंतिणीवर सोडून देण्याजोगा नाही. कापडाची पारख ज्यांच्या हातात आहे, अशा घरांनी तर तो मुळीच सोडू नये.

पान्हा आणि त्याचा स्वभाव

महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे कक्ष उघडले गेले, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव दिले गेले. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्याच्या ओढीने अंधारात कडा उतरून गेली, ही कथा मराठी घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या कथेत मातेच्या धैर्याचे कौतुक होते. परंतु तिच्यामागे शरीराचे एक सत्यही उभे आहे. ठरलेल्या वेळी बाळ जवळ नसले तरी मातेचे शरीर त्याची वेळ विसरत नाही.

दूध तयार करण्याचे काम प्रामुख्याने प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे, तर तयार झालेले दूध पुढे ढकलण्याचे काम ऑक्सिटोसिनचे. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन स्रवते. पण केवळ बाळाचे रडणे ऐकून, त्याचा विचार मनात येऊन किंवा पाजण्याची नेहमीची वेळ टळूनही ते स्रवू शकते. ते रक्तातून सर्वत्र पोहोचते, म्हणून एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकते. पहिल्या काही आठवड्यांत हे अधिक होते. पुढे बाळाची गरज आणि दुधाची निर्मिती यांचा मेळ बसला की गळणे बहुतेकींचे कमी होते. काहींचे मात्र अनेक महिने चालू राहते.

यात रोग नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. त्याचबरोबर एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूध गळणे हे भरपूर दुधाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि जिचे दूध गळत नाही तिला दूध कमी आहे असेही नव्हे. बाळाला दूध पुरते की नाही हे त्याच्या वजनावरून आणि दिवसभरात किती लंगोट ओले होतात यावरून ओळखावे. आईच्या पोलक्यावरून नव्हे.

गळणे थांबावे म्हणून छाती घट्ट बांधण्याची चाल काही घरांत आहे. ती सोडावी. घट्ट बांधल्याने किंवा जाडजूड घड्या दाबून बसवल्याने दुधाच्या नलिकांवर दाब येतो, दूध आत साकळते आणि गाठ होते. पॅडचे काम दूध अडवण्याचे नाही. बाहेर आलेले दूध टिपून घ्यावे आणि कातडी कोरडी ठेवावी, एवढेच त्याने करावयाचे.

ओल काय करते

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात साखर, स्निग्धांश आणि प्रथिने. बाळासाठी जे अमृत, ते उबदार आणि दमट कापडात राहिले तर सूक्ष्म जंतूंनाही मानवते. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचा वरचा थर मऊ पडतो, घासला जातो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून जंतू आत शिरले तर स्तनदाह होतो. छातीचा एखादा भाग लाल होतो, दुखतो, ताप भरतो. कँडिडा नावाच्या बुरशीलाही असेच उबदार, ओलसर स्थान आवडते. तिचा संसर्ग झाला तर आईला पाजताना आणि नंतरही जळजळ होते किंवा कळा येतात आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे दिसतात. अशा वेळी आई आणि बाळ दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. एकावरच केले तर संसर्ग पुन्हा फिरून येतो.

म्हणून पॅडचा पहिला नियम साधा आहे. ओलसर लागले की बदलावे, मग घड्याळात काहीही वाजले असो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा, आणि कोकणात तो नेमका मोडला जातो. नवे लावलेले पॅड आतपर्यंत कोरडे असावे.

जुन्या घडीतले शहाणपण

आजीच्या काळी पॅड हा शब्द नव्हता. मऊ झालेल्या धोतराचे किंवा नऊवारी लुगड्याचे फडके होते. अनेक वर्षे धुऊन त्यातील खळ गेलेली असे, धागा मऊ पडलेला असे आणि ते पाणी चटकन ओढून घेई. त्याचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच होता. घडी उलगडली की ते एकेरी कापड होई. एकेरी कापड पावसाळ्यातही पंख्याखाली लवकर वाळते, उकळत्या पाण्यातून काढता येते, त्यावर कडक इस्त्री फिरवता येते. त्यात उणीव होती ती आकाराची आणि अडवण्याची. घडी जागेवरून सरकत असे आणि भरली की ओल थेट पोलक्यावर येत असे.

आजचे कापडी पॅड याच घडीची सुधारित आवृत्ती आहे. सर्वसाधारणपणे ते दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचे, गोल आणि तीन थरांचे असते. कातडीला लागणारा थर, मधला शोषणारा थर आणि दूध बाहेर येऊ न देणारा पाठीचा थर. निवड करताना हे तीन थर वेगवेगळे पारखावेत.

तीन थरांची पारख

कातडीला लागणारा थर मऊ आणि शिवण न टोचणारा असावा. सुती होजिअरी किंवा सुती फ्लॅनेल येथे उत्तम. काही पॅडमध्ये या जागी पॉलिएस्टरचे लवदार कापड असते. ते स्वतः दूध धरून ठेवत नाही, खालच्या थराकडे जाऊ देते. त्यामुळे अंगाला कोरडे लागते. ज्यांचे दूध फार गळते त्यांना त्याचा उपयोग होतो. ज्यांना उन्हाळ्यात घामोळे येते किंवा ज्यांची कातडी चटकन लाल होते त्यांनी सुतीच घ्यावे. या थराचा रंग पांढरा किंवा फिकट असावा. भेगेतून आलेला रक्ताचा ठिपका किंवा बुरशीचा काळा डाग गडद छापील कापडावर दिसत नाही.

मधला थर हे पॅडचे पोट. टॉवेलसारखे सुती टेरी कापड भरपूर शोषते आणि धुण्याला टिकते. मायक्रोफायबर झपाट्याने शोषते आणि लवकर वाळते. मात्र ते कातडीचाही ओलावा ओढते, म्हणून ते थेट अंगाला लागू नये, आतच बंद असावे. भांगेच्या धाग्याचे, ज्याला बाजारात हेम्प म्हणतात, कापड पुष्कळ दूध धरते. परंतु ते हळूहळू शोषते आणि वाळायलाही वेळ घेते. ‘बांबूचे’ म्हणून जे मऊ कापड विकले जाते ते बहुतांशी व्हिस्कोस असते. बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा धागा काढलेला असतो. ते वापरू नये असे नाही. ते मऊ आहे, शोषणही चांगले आहे. मात्र वेष्टनावरच्या हिरव्या पानाच्या चित्रासाठी जादा दाम मोजण्याचे कारण नाही, आणि हेही लवकर वाळत नाही हे लक्षात असावे.

पाठीचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेल्या कापडाचा असतो. वेष्टनावर त्याला ‘पीयूएल’ म्हणतात. तो दूध बाहेर येऊ देत नाही, म्हणून चारचौघांत वावरताना दिलासा मिळतो. पण जो थर दुधाला अडवतो तो हवेलाही बरेचसे अडवतो. घरात असताना आणि रात्री असा थर नसलेली साधी सुती पॅडे वापरून कातडीला हवा द्यावी. गल्ल्यावर, प्रवासात किंवा समारंभात लेपाची वापरावीत. दोन्ही प्रकार थोडे थोडे घेणे हा शहाणा सौदा होय.

जैन घरांना वेष्टनावरची आणखी एक ओळ वाचावी लागते. काही पॅडांच्या आतील थरात रेशीम, तर काहींच्या पाठीला मेंढीची लोकर असते. लोकरीतील लॅनोलिन हा स्निग्ध पदार्थ पाणी अडवतो, म्हणून पाश्चात्त्य देशांत अशी पॅडे पसंत केली जातात. भेगांवर लावण्याच्या अनेक मलमांतही हेच लॅनोलिन असते. रेशीम तर बहुधा कोशातील कीटकाला मारूनच मिळते. ज्या घरात या वस्तू वर्ज्य आहेत तेथे धाग्याचे नाव पाहूनच खरेदी करावी, आणि मलमाबाबत डॉक्टरांना आधीच सांगून पर्याय विचारून घ्यावा. संकोचाने गप्प राहून उपचारच टाळणे मात्र योग्य नव्हे.

दुकानातली कसोटी घरी

वेष्टनावर पॅड किती शोषते याची जाहिरात असते. ते वाळते किती वेळात, हे सहसा कोणी लिहीत नाही. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेत याने फारसे बिघडत नाही. दोडामार्गच्या आषाढात मात्र सारे तेथेच अडते. पाच थर एकत्र शिवलेले, गुबगुबीत आणि सर्वाधिक शोषणारे पॅड वरून कोरडे लागते आणि पोटात दोन दिवस ओल धरून बसते. म्हणून या भागात निवडीचा क्रम उलटा करावा. आधी वाळणे पाहावे, मग शोषणे.

एकदम बारा जोड्या मागवू नयेत. दोन-तीन प्रकारांची एकेक जोडी आणावी आणि बाळंतपणाच्या महिनाभर आधी घरीच कसोटी घ्यावी. प्रथम ती तीन-चार वेळा धुऊन घ्यावीत. कोऱ्या कापडात खळ आणि कापसाचे नैसर्गिक मेण असते. ते गेल्याशिवाय कापड नीट शोषत नाही, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. मग पॅड ताटलीत ठेवून त्यावर चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा मिलिलिटर पाणी हळूहळू सोडावे. पाणी थेंब होऊन घरंगळते की लगेच मुरते, ते पाहावे. खाली टिपकागद ठेवून वरून तळहाताने दाबावे. कागद भिजला तर पाठीचा थर कुचकामी.

दुसरी कसोटी वजनाची. दुकानातला काटा यासाठी हाताशीच आहे. पुरती वाळलेली एकाच प्रकारची सहा पॅडे एकत्र तोलून वजन लिहून ठेवावे. मग ती धुऊन, पिळून संध्याकाळी पंख्याखाली वाळत घालावीत आणि सकाळी पुन्हा तोलावीत. हवेतील दमटपणाचे पाच-सात ग्रॅम सोडून द्यावेत; वजन त्याहून अधिक भरले तर कापडाच्या पोटात पाणी शिल्लक आहे असे समजावे. हाताला कोरडे लागलेले पॅड काट्यावर खोटे ठरते, तेव्हा या कसोटीचे मोल कळते. हाताशी एकच जोडी असेल तर ती गालाला लावून पाहावी. तळहातापेक्षा गालाला ओल लवकर कळते.

या कसोटीला बहुधा दोन रचना उतरतात. एक म्हणजे सुट्या भागांचे पॅड. पाठीचा लेपाचा थर वेगळा आणि आत सरकवायची सुती घडी वेगळी. दुसरी म्हणजे घरी शिवलेली साधी घडी. जुन्या, मऊ सुती कापडाचे सुमारे पंचवीस सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापून कडा बारीक दुमडून शिवाव्यात. एका तुकड्याच्या चार पदरी घडीतून साडेबारा सेंटिमीटरचा चौकोन होतो. दोन तुकडे एकावर एक ठेवले की आठ पदर मिळतात. वाळत घालताना ते पुन्हा एकेरी होतात. दुकानात उरलेल्या सुती तुकड्यांतूनही हे काम होते. मात्र ते खळ जाईपर्यंत धुतलेले असावेत आणि त्यात टेरिकॉटची भेसळ नसावी.

किती जोड्या, किती खर्च

किती जोड्या लागतील याचे गणित सोपे आहे. दिवसाला लागणाऱ्या जोड्यांना, वाळायला लागणाऱ्या दिवसांत एक मिळवून, गुणावे. उन्हाळ्यात दिवसाला चार जोड्या लागत असतील आणि एका दिवसात त्या वाळत असतील, तर आठ जोड्या पुरतात. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागत असतील, तर बारा हव्यात. संख्या कमी पडली की ओली जोडी लावण्याचा मोह होतो. बहुतेक दुखण्यांचे मूळ या तुटवड्यातच असते. म्हणून भारी चार जोड्यांपेक्षा साध्या बारा जोड्या श्रेयस्कर.

एकदा वापरून टाकण्याच्या पॅडांचा हिशेबही याच वहीत मांडावा. दिवसाला चार जोड्या धरल्या तर तीन महिन्यांत ३६० जोड्या, म्हणजे ७२० पॅडे लागतात. त्या आकड्याला आपल्या बाजारातील भावाने गुणावे आणि समोर बारा कापडी जोड्यांची किंमत, साबण व पाणी मांडावे. शिवाय त्या ७२० पॅडांच्या पाठीला प्लॅस्टिकचा पडदा आणि पोटात द्रव शोषून फुगणारी रासायनिक भुकटी असते. ती कुजत नाहीत; परसातल्या खड्ड्यात किंवा ओढ्याकाठी टाकली की पहिल्याच पुरात वर येतात.

तरीही टाकाऊ पॅडांना सरसकट दोष देणे न्यायाचे नाही. प्रसूतीनंतर रुग्णालयात असताना, डिचोली-म्हापशाकडे किंवा बेळगावकडे दिवसभराचा प्रवास असताना, सलग चार दिवस वीज नसताना, अथवा बुरशीचा संसर्ग बरा होईपर्यंत ती वापरणे हिताचे असते. संसर्गाच्या काळात ओले कापडी पॅड लावण्यापेक्षा कोरडे टाकाऊ पॅड केव्हाही चांगले. एक पुडके घरात असू द्यावे.

धुणे, वाळवणे आणि लपवणे

वापरलेले पॅड आधी गार पाण्यात खळबळून घ्यावे. दूध सुकण्याआधी गरम पाणी लावले तर त्यातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. त्यानंतर गरम पाणी आणि साधा साबण. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड शोषेनासे होते. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत कोकणात घरोघर आहे. खोबरेल तेलही पॅडवर असाच थर धरते. म्हणून अंग नीट धुऊन पुसल्यावरच पॅड लावावे. आणि पॅडवर पाणी घरंगळू लागले तर ते गरम पाण्यात दोनदा धुऊन तेल काढावे. साधी सुती घडी अधूनमधून उकळून घ्यावी. लेपाचे कापड मात्र उकळू नये आणि त्यावर इस्त्रीही फिरवू नये, लेप सुटतो. भेगेला चिकटलेले पॅड ओढून काढू नये, स्वच्छ पाण्याने भिजवून अलगद सोडवावे.

वाळवण्याबाबत घराला स्वतःच्या एका जुन्या रीतीची आठवण पुरेशी आहे. पाणी गाळण्याचे दुहेरी कापड जैन घरात किती जपले जाते! त्याची वीण पाहून ते घेतले जाते, ते वेळच्या वेळी धुतले जाते, चुरगळून कोपऱ्यात टाकले जात नाही, मोकळ्या हवेत पसरून वाळवले जाते. बाळंतिणीच्या कापडालाही तोच मान मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात ते माळ्यावरच्या अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातले जाते. वरच्या कपड्याखाली हवा खेळत नाही, ऊन पडले तरी पोहोचत नाही, आणि लाज राखताना ओल राखली जाते.

दुकानामागच्या त्या घरात एखाद्या संध्याकाळी असे बोलणे घडले, तर अर्धे काम झालेच म्हणावे.

‘‘अगं, हे माळ्यावर का घातलंस वाळत? तिथं वारा नाही.’’

‘‘आई, पडवीत गिऱ्हाईक येतं-जातं. दिसतं सगळ्यांना.’’

‘‘दिसू दे. बाळाची दुपटी वाळतात तिथंच हेही वाळेल. दुपट्यांची लाज वाटते का कुणाला?’’

सासूबाईंच्या त्या दोन वाक्यांत कोणत्याही मलमापेक्षा अधिक औषध आहे. पडवीत वारा येईल अशी एक दोरी बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कपड्यांसाठी राखून ठेवावी. रात्री त्याच दोरीकडे पंखा वळवावा. सुती घड्यांवर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवण्याचे काम घरातल्या कोणीही करावे. ते सुनेचेच असले पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही. पंधरा मिनिटे ऊन पडले तरी सारे बाहेर काढावे; उन्हाने डाग फिके होतात आणि जंतूंनाही आळा बसतो. चुलीवर वाळवायची वेळ आली तर धूर लागणार नाही इतक्या उंचीवर घालावीत. धुराचा उग्र दर्प आईच्या अंगाला लागलेला बाळाला नको असतो.

थांबू नये अशी गोष्ट

इतके करूनही छाती लाल झाली, गाठ दुखू लागली, ताप आला, किंवा बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर घरगुती लेपांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. स्तनदाह झाला म्हणून पाजणे सहसा थांबवायचे नसते. उलट दूध आत साकळू न देणे हाच उपचाराचा भाग असतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. म्हणजे दर तीन बाळांमागे एकाला, काही ना काही कारणाने, दुसरे काही दिले जात होते.

स्तनपानाच्या रक्षणासाठी झालेल्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. पुढल्याच वर्षी, १९९२ मध्ये, शिशुदुग्ध-पर्याय आणि दुधाच्या बाटल्यांवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात करणे, मोफत नमुने वाटणे, खरेदीवर भेटवस्तू देणे यांना बंदी आहे, आणि आईचे दूधच बाळाला सर्वोत्तम हे डब्यावर छापणे बंधनकारक आहे. दुकानदार वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. डबा विकणे गुन्हा नाही. काही बाळांना वैद्यकीय सल्ल्याने त्याची खरोखरच गरज असते. पण त्याचे फलक लावणे किंवा गोंधळलेल्या आजीपुढे तो स्वतःहून सरकवणे व्यापाराला शोभणारे नाही.

त्याच फळीवर मऊ सुती घड्यांची एक थप्पी ठेवता येते. गिऱ्हाईक म्हणून आलेली एखादी आजी डबा मागू लागली, तर गल्ल्यावरच्या बाईने हलक्या आवाजात एक प्रश्न विचारता येतो : सुनेला दूध येत नाही, की पाजताना दुखते? या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, आणि उत्तर दुसरे असेल तर त्या घराला बहुधा आधी डॉक्टरांची आणि कोरड्या कापडाची गरज असते.

श्रावणात पाऊस जरा उघडतो. मघाच्या त्या घरातील पडवीच्या दोरीवर दुपट्यांच्या शेजारी पांढऱ्या घड्यांची रांग वाऱ्यावर हलत असेल, आत सून निवांतपणे बाळाला पाजत असेल आणि पावडरचा डबा दुकानाच्या फळीवर आपल्या जागी बंद असेल, तर त्या घराने या पावसाळ्यात आपला सर्वांत मौल्यवान माल ओलीपासून वाचवला असे म्हणता येईल.